कागदाचं लोखंड

इंदू गेली त्या सकाळी माझ्या डोक्यावर मिलिटरीचं हेल्मेट होतं. हसू आलं तर हसा, मला राग नाही. मी कलकत्त्यात बागबाजारच्या घाटावर उन्हात बसलो होतो. तिनंच बसवलं होतं, हेल्मेटात घाम मुरावा म्हणून. खालच्या मजल्यावरची रीना अनवाणी धावत आली आणि लांबूनच ओरडली, "मेशोमशाय, लवकर चला, माशीमा बोलत नाहीत!" इथं काकांना मेशोमशाय म्हणतात, मावशीला माशीमा. मी उठलो तो तसाच निघालो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जितकं पळता येतं तितकं पळालो. घाटापासून घर काही लांब नाही, पण त्या दिवशी... असो. वर गेलो, तिचा हात धरला, दोन-तीन हाका मारल्या. डॉक्टर आले, नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि माझ्याकडे वळून काही सांगण्याआधी म्हणाले, "ते डोक्यावरचं जरा काढता का?" तेव्हा मला कळलं की ते अजून डोक्यावरच आहे. काढून तिच्या उशाशी ठेवलं. ठेवायला दुसरी जागाच नव्हती. पलंगाखाली, खिडकीत, कपाटावर, जिकडे बघावं तिकडे हेल्मेटंच होती.

त्याला आता दीड महिना झाला. पुरवणीसाठी तिच्याबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. माझं शिक्षण चौथी. चांगलं लिहिता येत नाही. पण माझ्या बायकोनं जे केलं ते मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? पिक्चरच्या शेवटी नावं येतात, त्यात तिचं नाव कधी आलं नाही.

आमचा धंदा गलाईचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर हाच धंदा करत पसरली, त्यात माझे वडील कलकत्त्याला आले. सोनाराच्या दुकानातली धूळ, पायपुसणी, मोरीतला गाळ विकत घ्यायचा, जाळायचा, तेजाबात घालायचा, आणि त्यातनं कणभर सोनं काढायचं. बऊबाजारात आमची भट्टी होती. म्हणजे जन्मभर मी एकच काम केलं, घाण काढली. आणि माझी बायको जन्मभर घाण घालत बसली. आमचं जमलं कसं, हे मला आजही सांगता येणार नाही.

इंदूही गलाईवाल्याचीच मुलगी, जन्म इथलाच, मराठीपेक्षा बंगाली सरस. लग्न होऊन बागबाजारला आली तेव्हा शेजारीच कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. दुपारी कामं उरकली की ही तिकडे जाऊन उभी राहायची. नुसतं बघायला. मग कुणी म्हणालं, बउदी, म्हणजे वहिनी, हे धरा जरा. मग हे चिकटवा. वर्षभरात ती असुराचं चिलखत आणि देवीचा मुकुट करायला लागली. मला वाटलं, ठीक आहे, मन रमतंय. एके वर्षी पूजेच्या आधी सिनेमाच्या कलाविभागातला एक जण, निमाई त्याचं नाव, तेव्हा जेमतेम विशीतला, घामाघूम होऊन त्या गल्लीत आला. लढाईच्या पिक्चरसाठी तीस हेल्मेटं हवी होती. पूजा तोंडावर, कारागिरांना मान वर करायला फुरसत नाही, सगळे त्याला हसले. ही म्हणाली, "मी करते." संध्याकाळी मला सांगितलं.

"काय करणार आहेस?"

"टोप्या."

"कसल्या टोप्या?"

"लढाईच्या."

मी म्हणालो, "तुला लढाईचं काय माहीत?" तर म्हणाली, "तुमच्या आईबरोबर चार वर्षं काढलीत."

एस्प्लनेडच्या मागे जुनं मिलिटरी सामान विकणारी दुकानं होती, तिथनं तिनं एक खरं हेल्मेट भाड्यानं आणलं, भाजीच्या पिशवीत घालून. तीन दिवस ते समोर ठेवून बसली. बोटानं वाजवून बघितलं, वास घेतला, आत तोंड घालून बघितलं. मग माती, मातीवर प्लास्टरचा साचा, साच्यात जुन्या वर्तमानपत्राचे थरावर थर, प्रत्येक थराला चिंचोक्याची खळ, मध्ये तागाचं कापड. वाळून रंग लागल्यावर खरं आणि खोटं शेजारी ठेवलं आणि मला म्हणाली, "सांगा, लोखंडाचं कुठलं?" मी धातूत वाढलेला माणूस. सोन्यातलं तांबं मी नजरेनं ओळखतो. मी बेधडक बोट ठेवलं. तिनं ते उचलून माझ्या डोक्यावर आपटलं. लागलं नाही. कागद होता.

त्या दिवसापासून मी तिला जरा घाबरायला लागलो, हे खरं सांगतो.

पण कागद हलका. तिला ते खटकायचं. म्हणायची, "हलकं घातलेला माणूस मान हलकी वळवतो. बघणाऱ्याला कळतं, फक्त काय कळलं ते सांगता येत नाही." म्हणून तिनं अस्तरात वाळूच्या पातळ पिशव्या शिवायला सुरुवात केली. किती वाळू, हे ठरवायला स्वतः घालून बघायची. घालून म्हणजे आरशासमोर उभी राहून नाही, दिवसभर. हेल्मेट घालून पोळ्या लाटायची, हेल्मेट घालून माशाला मसाला लावायची, दारात पोस्टमन आला तर तशीच जाऊन सही करायची. माझी आई तेव्हा होती. ती म्हणायची, "अगं, कुंकू तरी दिसू दे."

एकदा एका पिक्चरचा हिरो घरी आला, डोक्याचं माप द्यायला. नाव लिहीत नाही. तयार हेल्मेट घालून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "माशीमा, फार जड आहे. मागच्या लोकांना हे द्या, मला हलकं करून द्या. मान दुखते."

"दुखते ना? मग ते दुखणं तुला अभिनय करून दाखवता येईल का?"

"येईल की."

"दाखव."

त्यानं मान चोळली, चेहरा केला. ही म्हणाली, "दाढ दुखल्यासारखी वाटते." तो मोठ्यानं हसला, पण गुमान घालून बसला. तासभर बसला, चहा प्यायला, आणि उठताना नकळत मानेच्या डाव्या बाजूला हात नेला. तीच हालचाल पुढे पिक्चरमध्ये आली, लोकांनी वाखाणली. इंदू थिएटरात माझ्या कानाशी पुटपुटली, "ती मान माझी आहे."

आता माझी चूक सांगतो. ती लपवून हा लेख पुरा होणार नाही. एकदा चाळीस हेल्मेटांचं मोठं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. इंदू बाहेर गेलेली, मी भट्टीवरनं लवकर आलो, तर गच्चीवर चाळीसच्या चाळीस हेल्मेटं मांडलेली आणि एकजात घाण! चिखलाचे शिंतोडे, तेलाचे ओघळ, काठाला गंज. मला वाटलं पावसापाण्यात उघडी राहिली, बिचारीची मेहनत वाया चालली. मी बाही सरसावली. रॉकेलचा बोळा, मग कोरडं फडकं, मग खोबरेल तेलाचा हात. गलाईवाल्याचा हात तो, एक कण सोडला नाही. तीन तासांत चाळीस हेल्मेटं अशी चकचकीत केली की त्यात तोंड दिसावं. आणि शाबासकी घ्यायला जिन्यात उभा राहिलो.

ती वर आली. बघितलं. पिशवी खाली ठेवली. मला वाटत होतं आता म्हणेल, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात. ती म्हणाली, "अहो, ही माणसं तीन महिने लढत होती. तुम्ही सगळ्यांना परत घरी पाठवलंत."

ती घाण म्हणजे तिचं अठरा दिवसांचं काम होतं. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ओरडली नाही. पिशवी पुन्हा उचलली आणि म्हणाली, "टेम्पो आणा. सियालदहला जायचं."

सियालदह स्टेशनाशेजारच्या घाऊक बाजारात दुपारच्या वेळी हमालांची नुसती रांग असते. डोक्यावर भाजीची टोपली, कांद्याचं पोतं, अंगातनं घामाच्या धारा. इंदू पदर खोचून त्यांच्या मुकादमाकडे गेली. काय बोलली देव जाणे, पण अर्ध्या तासात चाळीस हमालांनी चुंबळ काढून हेल्मेटं घातली आणि त्यावर ओझी घेतली. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. भर बाजारात लष्कर चाललंय, डोक्यावर फ्लॉवर आणि वांगी घेऊन! गाडीतनं उतरलेले लोक जागच्या जागी थांबले. एक पोलीस आला, त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि वाजवायची विसरला. एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "बाबा, लढाई लागली का?" मी म्हणालो, "हो, माझ्यामुळे." संध्याकाळी हेल्मेटं परत आली तेव्हा खऱ्या घामानं भिजलेली, खऱ्या मातीनं भरलेली, आणि दोन ओझ्याखाली चेपलेली. मी ती दोन बाजूला काढत होतो. इंदूनं माझा हात धरला. "ती दोन सगळ्यात पुढच्या रांगेत." गाडी वेळेवर गेली. मी त्या दिवशी पहिल्यांदा समजलो की माझ्या घरात कोण राहतंय.

पिक्चर लागला की आम्ही दोघं बघायला जायचो. लोक हिरोकडे बघायचे, ही डोक्यांकडे. हिरो मेला, सगळं थिएटर रडलं, ही शेंगदाणे खात होती. आणि मागे कुठेतरी एक बिननावाचा शिपाई तोंडावर पडला, त्याचं हेल्मेट गडगडत गेलं, तर हिनं माझं मनगट आवळलं.

"काय झालं?"

"त्याचं नुकतंच लग्न झालं होतं."

"तुला काय माहीत?"

"मीच केलंय ना ते."

तेव्हा मला कळलं. प्रत्येक हेल्मेट करताना ती आधी माणूस ठरवायची. हा आळशी आहे, हेल्मेटावरच बसतो, म्हणून मध्ये चेपलंय. हा त्यात पाणी तापवतो, म्हणून खालून काळं. याला आईची आठवण येते, हा पट्टा चावतो. पडद्यावर ते अर्धा क्षणही दिसत नसे. मी विचारायचो, मग कशाला? ती माझ्या हातावर शेंगदाणे ठेवायची. खुळ्याला काय उत्तर द्यायचं!

या वर्षी तिची किडनी गेली. हात थरथरायचे, ब्रश धरवत नव्हता. आणि तेवढ्यात निमाईचं काम आलं. बांगलादेश झाला त्या लढाईवरची टीव्हीची मालिका, वीस हेल्मेटं. निमाईचेही केस आता पांढरे. तो म्हणाला, "माशीमा, राहू द्या, बाजारात प्लास्टिकची मिळतात." ती म्हणाली, "मग आलास कशाला?" काम घेतलं. साचे तिचेच होते, कागद-खळ मी आणि रीनानं केलं, रंग मी दिला. राहिलं ते खरं काम, मळवायचं. ते मला करायचं होतं. मला! तिनं एकच अट घातली, "मी असेन-नसेन. कुणी उचलून बघितलं तर इंदूचं म्हणालं पाहिजे. नाहीतर घराबाहेर पाठवायचं नाही."

पहिलं मी मोठ्या हौसेनं माखलं. चिखल, चहाचा चोथा, काजळी. तिच्या हातात दिलं. तिनं फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हे घाण झालंय. वापरलेलं नाही झालं."

"फरक काय?"

"घाला म्हणजे कळेल."

तेव्हापासून रोज एक हेल्मेट घालून मी हिंडायला लागलो. घाट, बाजार, पुन्हा घाट. निघताना विचारायचो, "आज हा कोण?" ती पडल्या पडल्या सांगायची. एकदा म्हणाली, "आजचा तुमच्यासारखा आहे. सगळं पुसून ठेवतो. पण कानामागे पुसायला विसरतो." बाजारात मासेवाला म्हणायचा, "मेशोमशाय, भाव ऐकून थेट लढाईलाच आलात?" बागबाजारला आमच्या मराठा स्वारांच्या, इथल्या बोलीत बर्गींच्या, भीतीनं कधीकाळी खंदक खणला होता, ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चहावाल्यानं मला बघून हात जोडले, "बर्गी आले रे! खंदक बुजवून चूक केली!" मी घरी येऊन तिला सगळं सांगायचो. ती हसायची, हसता हसता दम लागायचा, मग मी उरलेलं उद्यावर ठेवायचो. आमच्या लग्नातले ते सगळ्यात चांगले दिवस असतील, असं लिहिलं तर लोक काय म्हणतील माहीत नाही. लिहिलं. पण जमलं, असं ती एकदाही म्हणाली नाही. आलेलं हेल्मेट बघायची, खिडकीकडे बोट करायची आणि म्हणायची, "ठेवा तिथं."

सोळा झाली होती. सतरावं डोक्यावर असताना रीना धावत आली.

पुण्याहून मुलगा आला. सुतकात हे काम नको, असं चार जणांनी सांगितलं. मुलगाही म्हणाला, "बाबा, निमाईकाकांना सांगू, चार कमी घ्या." मी म्हणालो, "वीस म्हणाली होती." दिवस झाले तोवर चारही पुरी केली. घरात नुसतं बसून तरी मी काय करणार होतो...

तेराव्यानंतर निमाई स्वतः आला. एकेक हेल्मेट उचलून बाल्कनीत उजेडात न्यायचा, बघायचा, ठेवायचा. डावीकडे सोळा झाली, उजवीकडे चार. नंतरची चार कुठली, याबद्दल मी त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"ही चार तुम्ही केलीत," तो म्हणाला.

"वीसच्या वीस मी केलीत. सगळी माती माझी, घाम माझा."

"मेशोमशाय, ही सोळा माशीमांची आहेत. इथं बघा." त्यानं पुढच्या काठावर बोट ठेवलं, उजव्या भुवईच्या जरा वर. तिथं अंगठ्याएवढा भाग झिजला होता. "घाम पुसायला, वर विमान बघायला, शिपाई हेल्मेट अंगठ्यानं असं मागे सारतो. दिवसातनं शंभर वेळा. रंग आधी इथं जातो. माशीमा हिरव्या रंगाखाली पेन्सिलीच्या शिशाची पूड घासून ठेवायच्या. कागदावर. हिरवा झिजला की खालून लोखंड दिसावं म्हणून."

मी तर हेल्मेट दोन्ही हातांनी काढायचो, घमेलं उतरवावं तसं. काठाला माझा अंगठा लागायचाच नाही. एवढे दिवस घालून हिंडलो आणि साधं ते मला सुचलं नाही.

दारात रीना उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सांगू नको म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "शिशाची पूड रंगाआधीच वीसही हेल्मेटांना माझ्याकडनं घासून घेतली होती, तुम्हाला ती वर्तमानपत्राची शाई वाटली. तुम्ही घाटावर गेलात की कालचं हेल्मेट मागायच्या. ब्रश धरवत नव्हता, अंगठा चालत होता. राख लावून तेवढ्याच जागी घासत बसायच्या. अंगठा सोलायचा, मी मलम लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, मेशोमशायना सांगा ना, ते घासतील. तर म्हणाल्या, त्यांना सांगितलं तर एका दिवसात घासून मोकळे होतील. त्यांचा हात साफ करणाऱ्याचा आहे."

खरं होतं. सांगितलं असतं तर मी तेच केलं असतं.

निमाई म्हणाला, "चार मागच्या रांगेत घालतो. कुणाला कळणार नाही." मी म्हणालो, "तुला कळलं ना? मग नको." त्यानं जरा विचार केला. थंडीत पुढचं शूटिंग आहे, तेव्हा लागतील, म्हणाला, आणि सोळा घेऊन गेला. जाताना जिन्यात थांबून विचारलं, "तोवर होतील?" मी चारांतलं एक उचलून डोक्यावर घातलं.

आता रोज सकाळी एक घालून मी घाटावर जातो. कपाळावर घाम आला की अंगठ्यानं काठ मागे सारतो, गंगेकडे बघतो, पुन्हा पुढे ओढतो. मुद्दाम घासत नाही. कितीही मनात आलं तरी घासत नाही. महिनाभर हिरवा रंग हलला नव्हता. काल घरी येऊन हेल्मेट काढलं, उजेडात धरलं, तर उजव्या भुवईच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकलं. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. काळसर, थंड, अस्सल लोखंड. मी स्वतः त्यात वर्तमानपत्र भरलंय, माझ्या हातानं खळ लावलीय, मला पक्कं ठाऊक आहे की तो कागद आहे. तरी लोखंडच दिसत होतं.

"अगं, बघ की," मी म्हणालो.

मग खिडकीत ठेवलं, ती म्हणायची तिथंच. अजून तीन आहेत.